कपाटाची किल्ली

तीन आठवडे झाले तरी तो सोमवार मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी पुण्यात बेघरांच्या निवारा केंद्रांमध्ये तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन करते. विडी, मिश्री, तंबाखूचा बार, सगळंच. विडीचा विषय काढला की केंद्रातले कर्मचारीच म्हणतात, "मॅडम, तेवढं तरी राहू द्या की त्यांना." मायेने म्हणतात, पण मला राग येतो. एकीकडे त्याच माणसाला टीबीच्या गोळ्या द्यायच्या आणि दुसरीकडे धूर चालू ठेवायचा, ही कसली माया?

त्यांच्यातलेच एक काका, पन्नाशीच्या पुढचे. लग्नसराईत केटररकडे वाढपी, एरवी नाक्यावर मिळेल ते बिगारीकाम. दिवसाला दोन बंडलं. आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, झोपेतून उठल्यावर पहिली विडी किती वेळाने? काका म्हणाले, "फुटपाथवर होतो तेव्हा रात्रभर ओढायचो. डोळा लागला की पिशवी गेलीच." कपडे, चपला, आधार कार्ड, तीनदा गेलं होतं. काम मिळालं नाही की भूकही विडीवरच मारायची. फॉर्मचा तो रकाना मी कोराच ठेवला.

केंद्रात खाट मिळाली, पिशवी ठेवायला जागा झाली, तेव्हा तेच म्हणाले, "आता सोडून बघू." विडीची तलफ भागवायला देतात तो निकोटिनचा गम २०२२ पासून आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, पण तो चघळायचा कसा हे कुणी नीट सांगत नाही. लोक साध्या च्युइंगमसारखा भराभर चावतात, उचक्या लागतात, मळमळतं आणि दुसऱ्या दिवशी टाकून देतात. हळू चावायचा, जिभेला झणझण लागली की थांबायचं आणि गालात दाबून धरायचा. झणझण ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. मी म्हटलं, "बार धरतात तसा." ते लगेच समजले. चहानंतर पंधरा मिनिटं मात्र नाही, कारण चहामुळे गमचं निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही. नाक्यावर चहा आणि विडीची जोडी असते, तिथे हे पाळणं फार अवघड. काकांनी ते पाळलं.

दर शुक्रवारी कार्बन मोनॉक्साइडच्या मशीनमध्ये फुंकायचं, धुरातला हा वायू श्वासात किती आहे ते त्यावर दिसतं. पहिल्यांदा आकडा आला २४. विडी सारखी विझते, म्हणून जोरात आणि पुन्हापुन्हा ओढावी लागते, त्यामुळे हा वायू भरपूर आत जातो. तिसऱ्या शुक्रवारी ४ आला. ते मशीन त्यांनी खाटाखाटांवर नेऊन दाखवलं.

गम मात्र कपाटात कुलूपबंद. एका बंडलाच्या पैशात याच्या जेमतेम दोन-तीन गोळ्या येतात, म्हणून सुपरवायझर म्हणाले, "सगळ्या हातात दिल्या तर बाहेर विकतील." मी मान्य केलं. रोज आठ मोजून द्यायच्या, सही घ्यायची. निवारा चोवीस तास उघडा हवा असं योजनेत लिहिलंय, कपाटाला मात्र माझी हजेरी लागते.

त्या सोमवारी मला अचानक मीटिंगला बोलावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. संध्याकाळी सहाला पोचले तर काका कपाटाशेजारी बसलेले, सकाळी सातपासून. नाका आठपर्यंत भरतो. गोळ्यांशिवाय तिथे चहाच्या टपरीसमोर उभं राहायची त्यांना भीती वाटली, म्हणून गेलेच नाहीत. दिवसाची मजुरी बुडाली. चार वाजता मात्र उठून बंडल आणलं.

"मशीन द्या ताई," म्हणाले. मी नको म्हटलं, तरी फुंकलं. १५. आकडा बघून मशीन परत दिलं. "तुमची चूक नाही," म्हणाले. मला काही बोलताच आलं नाही.

माझ्या वरिष्ठांनी अहवालात लिहिलं, 'लाभार्थ्याची इच्छाशक्ती कमी.' अकरा तास कपाटापाशी बसलेल्या माणसाबद्दल!

दुसऱ्या दिवशी मी पंधरा दिवसांच्या गोळ्या काकांच्या हातात दिल्या, माझ्या सहीवर. त्यांनी त्या विड्यांच्या जुन्या चंचीत भरल्या आणि चंची कमरेला खोचली. एकही विकली नाही. चार मात्र शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दिल्या, त्यालाही सोडायचीय म्हणून. त्या हिशेबात कशा दाखवायच्या, मला अजून सुचलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी काकांचा आकडा ६ होता. बाकी अकरा जणांच्या गोळ्या अजून कपाटातच आहेत. दुसऱ्या किल्लीसाठी अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही.