वाईच्या वाड्याचं होमस्टे करताना काय काय झालं (माझा अनुभव)

वाईत कृष्णेच्या काठाला आमचा जुना वाडा आहे, चौक, ओसरी, वर माडी आणि मागच्या दिंडीतून बाहेर पडलं की समोर नदीच. आईबाबा दोघंच राहतात, बाकी खोल्यांना कुलपं, म्हणून राहत्या घरात पाहुणे ठेवायच्या सरकारी निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करायचं ठरलं. मालक तिथंच राहायला हवा ही त्यातली मुख्य अट, तो प्रश्नच नव्हता. पर्यटन संचालनालयाचा फॉर्म हा तर सगळ्यात सोपा भाग निघाला.

खरी वणवण प्रॉपर्टी कार्डासाठी, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीसाठी. कार्डावर अजून पणजोबाच! मग वारसनोंद, आणि चुलते, आत्या, पुण्यातले, बडोद्यातले, सगळ्यांची संमतीपत्रं. काकांचा फोनवर एकच प्रश्न, "विकणार नाहीस ना रे?" आत्या म्हणाली सही करते पण माझ्या माजघरात कुणाला झोपवायचं नाही. तिथं आता पाहुण्यांची पानं मांडतो, ते तिला चालतं.

मग डागडुजी. काँट्रॅक्टर सिमेंट आणि पीओपीच्या गोष्टी करत होता, पण मागे कुणीतरी भिंतीला सिमेंट मारलेलं ते पापडासारखं सुटून आलेलं, आत माती ओलीच. शेवटी चुन्याचं काम जाणणारे एक म्हातारे गवंडी मिळाले, चुना भिजत घालून, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. वेळ लागतो बाबा, पण भिंत श्वास घेते, ओल धरून ठेवत नाही.

संडास-बाथरूमचा घोळ वेगळाच. मागची बाजू निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराच्या पट्ट्यात, तिथं नवीन बांधकाम नाहीच, आणि माडीच्या कडीपाटावर (लाकडी तुळया-फळ्यांच्या जमिनीवर) पाणी नको, म्हणून खालच्या कोठीच्या खोलीतच बाथरूम काढलं. जुन्या लोकांना हे बरोबर कळायचं हां, आमच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची (1762) मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून.

परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरायचा, हे बाबा आता माझ्यापेक्षा भरभर करतात. नदीकडची खालची खोली मात्र पावसाळ्यात बुकिंगला ठेवतच नाही, वरच्या धोम धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, आणि नेमकी तीच खोली सगळ्यांना हवी असते.