ड्रम भरलेला दिसतोय? आधी काच बघा

साखर कारखान्यात बॉयलरच्या ड्रम लेव्हलची, म्हणजे ड्रममधल्या पाण्याच्या पातळीची, तक्रार आली की पहिला प्रश्न ठरलेला: "ट्रान्समीटर नवीन टाकायचा का?" ट्रान्समीटर म्हणजे ती पातळी मोजून पॅनेलला कळवणारं यंत्र. माझंही उत्तर ठरलेलं: आधी पाइप बघू.

गेल्या गाळपात मध्यरात्री फायरमनचा फोन आला. "दादा, पॅनेलवर ८० टक्के दाखवतंय आणि काचेत निम्म्याच्याही खाली. फीड व्हॉल्व्ह बंद होत चाललाय." काच म्हणजे ड्रमला जोडलेली, पाणी थेट दाखवणारी नळी; फीड व्हॉल्व्ह म्हणजे ड्रमला पाणी देणारा. त्याला कंट्रोल मॅन्युअलवर घे, काचेवरून नजर हलवू नको म्हणालो आणि गाडी काढली.

यातली मेख अशी. डीपी (दोन दाबांतला फरक मोजणाऱ्या) ट्रान्समीटरच्या एका बाजूला ड्रममधल्या पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूला वरच्या कंडेन्सेट पॉटपासून (वाफेचं पाणी होऊन साठतं ते भांडं) खाली आलेला, कायम भरलेला पाण्याचा स्तंभ. दोहोंतला फरक जितका कमी, तितकी लेव्हल जास्त. तो स्तंभ गळून उतरला की फरक घटतो आणि पॅनेल ड्रम भरल्याचं सांगतं. मॅनिफोल्डचा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह (दोन्ही बाजू जोडणारा) पासिंग, म्हणजे बंद असूनही गळका, असला तरी तेच. पाणी कमी पडत असताना 'भरलंय' म्हणणारा बिघाड, आणि ऑटोवरचा फीड व्हॉल्व्ह त्याच्यावर विश्वास ठेवून पाणी तोडतो!

त्या रात्री पॉटकडच्या लाइनचा ड्रेन व्हॉल्व्ह थेंब थेंब गळत होता. रूट व्हॉल्व्ह (ड्रमकडून लाइन तोडणारे) बंद केले, लाइन गार झाल्यावर ड्रेन बदलला, लाइन पाण्याने भरून हवा काढली, मग काचेशी ताडून घेतलं. काचेतलं पाणी ड्रमपेक्षा गार, म्हणून जड. त्यामुळे काच थोडी कमीच दाखवते. तेवढ्यासाठी ट्रान्समीटरचा झिरो फिरवत बसू नये.

बदलायचं तेव्हा मात्र बदलावंच. ज्यूस टँकवरचा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी लेव्हल मोजणारा ट्रान्समीटर) फेस आणि वाफेत सारखा भरकटायचा, सेन्सर पुसून पुसून पोरं वैतागली. ऑफ-सीझनला तो काढून तळाशी फ्लश डायफ्रॅमचा (सपाट पडद्यावरच्या दाबावरून लेव्हल मोजणारा) फ्लँज ट्रान्समीटर बसवला. उंची ३ मीटर, रसाची घनता पाण्याच्या १.०६ पटीच्या आसपास, म्हणून रेंज ३१८० मिलिमीटर पाण्याची लावली. ३००० का नाही, हे स्टोअरपासून शिफ्ट इंजिनीअरपर्यंत सगळ्यांना समजावलं. डायफ्रॅमवर मळी बसली तर कोमट पाणी आणि मऊ फडकं. स्क्रूड्रायव्हर घेऊन खरवडणाऱ्याला मी टँकजवळ फिरकू देत नाही.

काढलेला अल्ट्रासॉनिक कच्च्या पाण्याच्या टाकीवर लावलाय. फेस नाही, वाफ नाही, तिथे उत्तम चालतोय.