घर बदलताना स्वयंपाकघराची बांधाबांध

भाड्याच्या घरांचे करार आपल्याकडे बहुधा ११ महिन्यांचे असतात आणि मुलांच्या शाळेचा विचार करून पुष्कळ कुटुंबे मे महिन्यातच घर बदलतात. नेमके त्याच दिवसांत स्वयंपाकघर वर्षभरातले सर्वांत भरलेले असते, कारण पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचे तिखट आणि गहू-तांदूळ ही सगळी साठवण नुकतीच करून झालेली असते. सामान हलवणारी माणसे पलंग आणि कपाटे उत्तम बांधतात, परंतु स्वयंपाकघर ज्याच्या हाताखाली आहे त्यानेच ते बांधावे, असे माझे ठाम मत आहे.

हे काम महिनाभर आधी, ताटातल्या जेवणापासूनच सुरू करावे. नवे वाणसामान भरणे थांबवावे आणि आहे ते संपवत जावे. तरीही प्रत्येक डब्याच्या तळाशी वाटी-दोन वाट्या धान्य उरतेच. अशा वेळी थालीपिठाच्या भाजणीसारखा दुसरा उपाय नाही. उरलेले तांदूळ, ज्वारी, बाजरी, थोडे गहू, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ मंद आचेवर वेगवेगळी खमंग भाजावी, शेवटी धने आणि जिरे परतून घ्यावेत आणि सगळे गार झाल्यावर एकत्र दळून आणावे. धान्ये वेगवेगळी भाजण्याचा कंटाळा मात्र करू नये. एकत्र भाजली तर डाळी करपतात आणि तांदूळ कच्चे राहतात. यामुळे सात-आठ डबे रिकामे होतात, न्यायला एकच डबा उरतो आणि नव्या घरात भाजी आणलेली नसली तरी कांदा, तिखट, मीठ घालून जेवणाची सोय होते.

जे धान्य न्यायचेच आहे ते पोत्यात भरण्याऐवजी स्टीलच्या डब्यांतच राहू द्यावे आणि झाकणावरून सुतळीचा आडवा-उभा वेढा घालावा. गव्हात कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घातलेला असला, तर प्रवासापूर्वी तो बदलून घ्यावा, म्हणजे पावसाळ्यात पोरकिड्यांची काळजी कमी होते. जड वस्तू नेहमी लहान खोक्यात आणि हलक्या वस्तू मोठ्या खोक्यात भराव्यात. काचेच्या बशा आणि ताटल्या एकमेकींवर आडव्या न रचता खोक्यात उभ्या लावाव्यात, कारण उभ्या बशीला धक्का सोसतो. मध्ये जुन्या सुती साड्यांचे तुकडे घालावेत. वर्तमानपत्राची शाई भांड्यांना लागते आणि पुन्हा सगळे घासत बसावे लागते. कुरडयांच्या डब्यात वर पोकळी राहिली तर त्यांचा चुरा होतो, म्हणून ती पोकळी मऊ फडक्याने भरून मगच झाकण लावावे. लोखंडी तवा आणि बिडाची कढई घासून, आचेवर कोरडी करून, तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळली म्हणजे गंज चढत नाही. कुकर काळा पडला असेल तर बांधण्याआधी त्यात पाणी आणि पिळलेल्या लिंबाच्या साली घालून उकळी आणावी.

लोणच्याच्या बरणीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. कैरीचे लोणचे अजून घातले नसेल, तर ते नव्या घरी जाऊनच घालावे. मुरू लागलेले लोणचे गाडीत हिंदकळले की फोडी तेलाच्या वर येतात आणि त्यांना बुरशी लागण्याची भीती असते. जुन्या लोणच्याच्या फोडी कोरड्या चमच्याने दाबून तेलाखाली घ्याव्यात, बरणीच्या तोंडावर जाड प्लास्टिक घालून झाकण लावावे आणि त्यावर स्वच्छ फडक्याचा दादरा घट्ट बांधावा. मग ती बरणी एका बादलीत ठेवून भोवती पंचे खोचावेत. बादलीला कडी असल्यामुळे उचलणे सोपे जाते, आणि तेल झिरपलेच तरी ते बादलीतच राहते. ही बादली ट्रकमध्ये न चढवता आपल्याजवळच ठेवावी.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्यावा आणि आतून कोरडा पुसून घ्यावा. नव्या घरी तो उभा ठेवून काही तास थांबावे आणि मगच चालू करावा, म्हणजे प्रवासात हललेले कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर येते. दुसऱ्या शहरात जायचे असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावे. त्याच्या आधारे अनामत रक्कम परत मिळते आणि नव्या गावात जोडणी घेता येते. यामुळे शेवटचा दिवस गॅसविना जातो, हे आधीच लक्षात घेऊन दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवावी.

एक खोके सर्वांत शेवटी बांधावे आणि सर्वांत आधी उघडावे. त्यात चहा-साखर, दुधाची पावडर, गाळणी, सांडशी, एक पातेले, मिसळणाचा डबा, विळी, घासणी आणि दोन फडकी असावीत. इंडक्शनची शेगडी असेल तर तीही त्यातच ठेवावी. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहावे, नाही तर ते ट्रकच्या पार तळाशी जाते.

विरजण सोबत नेण्याची यातायात मी करत नाही. नव्या घरी दूध तापवून कोमट झाल्यावर त्यात चार-पाच हिरव्या मिरच्या धुऊन देठांसकट बुडवून ठेवाव्यात आणि पातेले उबदार जागी झाकून ठेवावे. देठांवरच्या जिवाणूंमुळे दूध विरजते. हे पहिले दही थोडे सैलसर होते, त्याची कढी करावी. पण त्यातले चमचाभर बाजूला काढून पुढचे दही लावले, की ते नेहमीसारखे घट्ट लागते.