श्रॉपशायर : चर्चटाऊनमध्ये टाऊन नाही

नाइटनचं रेल्वे स्टेशन इंग्लंडात आणि गाव वेल्समध्ये. गोंधळाला इथूनच सुरुवात. ऑफाज डाइक पाथ ही इंग्लंड-वेल्सच्या हद्दीवरची पायवाट एकूण 177 मैलांची. मी आणि माझा आतेभाऊ त्यातला श्रॉपशायर या इंग्लिश परगण्यातला तुकडाच चालणार होतो, नाइटन ते ब्रॉम्प्टन क्रॉसरोड्स, साधारण 24 किलोमीटर. नकाशावर उंचीचा सगळ्यात मोठा आकडा 430 मीटरच्या आसपास. आपलं कळसूबाई 1646 मीटर. "ही तर पर्वतीची थोरली बहीण," आतेभाऊ गाडीत म्हणाला. नऊ तासांनी त्यालाच बुटाची नाडी सोडायला वाकता येईना.

इथे एकच मोठा चढ नसतो, सारखं चढ-उतार असतं. आठव्या शतकात मर्सिया या जुन्या इंग्लिश राज्याच्या ऑफा राजाने वेल्सच्या हद्दीवर मातीचा बांध घातला, पश्चिमेला खंदक. बांध डोंगरदऱ्यांची पर्वा न करता जातो, आणि वाट बांधाला धरून. सह्याद्रीत वाट निदान धारेवरून वळसा घेते. इथे कमावलेली सगळी उंची ओढ्यापर्यंत उतरून घालवायची आणि परत कमवायची. वर ओलं गवत आणि मेंढ्यांच्या लेंड्या.

त्यातलं चर्चटाऊन तर विसरू म्हणता विसरत नाही. नाव वाचून सकाळपासून डोळ्यांसमोर चहा, केक आणि नळ. उतार इतका खडा की टाचा रोवून, अर्धा वेळ बसून उतरलो. खाली चर्च आहे. टाऊन नाही. आणि समोर एडनहोप हिलचा तितकाच खडा चढ आ वासून उभा. दीड-दीड लिटर पाणी कधीच संपलं होतं. वाटेवर एकही दुकान लागत नाही, तेव्हा नाइटनमधूनच माणशी तीन लिटर भरून घ्या. काठी घ्याच. नेच्याच्या रानात गोचीड असतात, हाफ पँटची हौस नको. मोबाइलवर विसंबू नका, एक्सप्लोरर मालिकेतला 201 क्रमांकाचा आणि त्यापुढच्या भागाचा कागदी नकाशा जवळ ठेवा.

तंबू कुठेही ठोकता येईल हा गैरसमज. नैऋत्येकडच्या डार्टमूर माळरानासारखा अपवाद सोडला, तर इंग्लंडात जमीनमालकाची परवानगी लागतेच. म्हणून एका शेतावर गेलो. पाटीवर 9 पौंड. ते माणशी, हे पैसे देताना कळलं. तंबूचे 8 वेगळे, अंघोळीचं नाणं माणशी एक पौंड, फोन चार्जिंगचे 2. झाले 30! आणि मशीनने साबण डोक्यावर असतानाच पाणी तोडलं. एकूण किती होतील, ते फोनवरच विचारून घ्या. शक्यतो लिहून घ्या.

श्रॉपशायरमधलाच लाँग माइंडचा डोंगर आणि लडलो गावचा किल्लाही छान. मुलांनाही न्या.

परत जाऊ का? लानफेअर हिलवर बांध छातीएवढा उंच उरलाय, वारा सुटला होता, तिथे दहा मिनिटं उभे राहिलो. तेवढ्यासाठी जाईन, पण दोन दिवसांत विभागून.

परतताना श्रूजबरीत उतरलो. चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा. 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेणाऱ्यांतला हा. त्याच्यासमोरच बसून आतेभावाने दोन्ही गुडघ्यांना झंडू बाम चोळला.