एका आंब्यावर हापूस, केसर आणि आम्रपाली

अंगणात जागा एकाच झाडाची, मग त्यावर तीन-चार जातींचे आंबे घेता येतील का? तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. येतील. उत्तर प्रदेशातल्या मलिहाबादच्या कलीमुल्ला खान यांनी एका झाडावर 300 हून जास्त जाती बांधल्या आहेत. घरी तीन पुरेत, कारण खरं काम कलम जगल्यावर सुरू होतं.

तीन-चार वर्षांचा रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला गावठी आंबा, घ्या. वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या तीन फांद्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला छाटा. बाकीच्या एक-दोन तशाच ठेवा, मुळं पोसायला पानं हवीत. पावसाळ्यात नवी फूट पेन्सिलीएवढी झाली की पाचर कलम करा. त्यासाठी हव्या त्या जातीच्या झाडावरची काडी घ्या: तेवढ्याच जाडीची, तीन-चार महिन्यांची, 10 ते 15 सेंमी लांब. आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापा, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. फुटलेला डोळा मात्र चालत नाही.

फुटीत 4 ते 5 सेंमी चीर, काडीला तेवढीच पाचर. निदान एका बाजूला साल सालीला भिडलीच पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वर पेप्सीकोल्याची पिशवी चढवा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसले की पिशवी काढा. काडी काळी पडली, तर बहुधा साल जुळलेली नसते किंवा सांध्यात पाणी शिरलेलं असतं. पट्टी दोन-तीन महिन्यांनी सोडायला विसरू नका, नाहीतर ती सालीत रुतते.

आता जातींचं. आम्रपाली ठेंगणी, हापूस दांडगा. दोन्ही एकदम बांधले तर हापूस दोन-तीन वर्षांत तिला सावलीत गाडतो. म्हणून आम्रपालीला सगळ्यांत उन्हाची, उभी फांदी द्या आणि हापूस वर्षभर उशिरा बांधा. पुढे दर वर्षी आंबे उतरले की दांडग्या फांद्या आखूड करा. केसर शेजारी असल्याचा हापूसला फायदाच होतो, त्याला दुसऱ्या जातीचा पराग मिळाला की फळ चांगलं धरतं. चवी एकमेकींत मिसळत नाहीत, ती भीती सोडा.

सांध्याखालची रायवळाची फूट दिसेल तेव्हा खुडा. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी, भांडं प्लास्टिकचं. पहिली दोन वर्षं मोहर आला तरी काढून टाका.