तुम्ही विचारलंत म्हणून: दमट कोकणात पालीची कात अडकते कशी?

गुहागरला मीठ उघडं ठेवलं तर त्याचं पाणी होतं, मग तुझ्या पालीची कात कोरडी पडून अडकते कशी? आणि अडकलीच तर सरळ ओढून का काढत नाहीस? बाजारात, लग्नकार्यात, फोनवर, सगळीकडे हेच. ‘पाल पाळलीसच का’ यावर बोलून झालंय, ते पुन्हा नको.

आधी हवेचं. माझी पाल क्रेस्टेड गेको, मूळची न्यू कॅलेडोनिया बेटांवरची जात. ही मात्र माणसांकडेच जन्मलेली. समुद्राकाठचीच, पण आपला उन्हाळा तिला सोसत नाही. २२ ते २६ अंशांत ती बरी असते. २८च्या वर बराच वेळ गेला तर जिवावर बेततं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तिची काचपेटी एसीच्या खोलीत असते. एसी हवा गार करतो तसा तिच्यातलं पाणीही काढून घेतो. आमच्याकडे त्याच्या पाइपखाली बादली लावलेली असते, सासूबाई ते पाणी अबोलीला घालतात. बादलीतलं ते सगळं पाणी त्या खोलीच्या हवेतलं. ओटीवर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते तेव्हा खोलीतला काटा ४५च्या आसपास असतो. तिला हवी ६० ते ८०.

भिंतीवरच्या पालींची कात कोण काढतं, असंही विचारता. त्यांना मोरी आहे, कौलांखालची सांदर आहे, हवं तिथे जातात. काचपेटीतल्या जनावराला मी देईन तेवढीच ओल.

कात निघायची असली की ती फिकट, राखाडी दिसायला लागते. सगळं नीट झालं तर रात्रीत कात सोडवते आणि खाऊन टाकते. सकाळी मला पत्ताही नसतो. पत्ता लागतो तो बिघडल्यावरच.

गेल्या उन्हाळ्यात तसंच झालं. एरवी काचेला चिकटून झोपणारी पाल सकाळी पेटीच्या तळाशी बसलेली. चढायला जायची, मागचा डावा पाय घसरायचा. हातावर घेऊन बघितलं तर त्या पायाच्या दोन बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला जुनी कात तशीच होती. बोटांखाली तिला बारीक पट्ट्या असतात, त्यांच्या जोरावर ती काच चढते. त्या पूर्ण झाकलेल्या. एका बोटावर कातीचं कडं झालं होतं आणि कड्याच्या पुढचा भाग सुजून लालसर झाला होता. कात वाळते तशी आवळते, बोटाचं रक्त तोडते.

आत्या आलेली होती. म्हणाली, “अगो, चिमट्याने ओढ की एकदाचं!” तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण जुन्या कातीला नवी कातडी चिकटलेली असते, ओढली तर तीही सोलून निघते. शेपूट तर धरायचीच सोय नाही. घाबरली की ती शेपूट टाकून देते, आणि घरच्या पालींसारखी या जातीला ती परत फुटत नाही. भोकं पाडलेल्या डब्यात कोमट पाण्याने भिजवलेले टिश्यू पसरले, तिला आत ठेवलं, झाकण लावून अर्धा तास बसले. मग ओला इअरबड बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हळूहळू फिरवत राहिले. एक बोट सुटलं. शेपटीवरची कात आपण होऊन निघाली. कडं निघेना. ती धडपडायला लागली तशी थांबले. संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. जवळचे डॉक्टर गुरं आणि कुत्री बघणारे; पुण्यातल्या एका डॉक्टरांना फोटो पाठवले, त्यांनीही ओढू नका, भिजवत राहा, काळं पडलं तर घेऊन या, असंच सांगितलं. कडं सुटलं तेव्हा टोक काळं पडलेलं होतं. पुण्याला जाऊन आले. टोक गळलं.

‘एवढं करून बोट गेलंच ना?’ गेलं. टोक गेलं, पाय राहिला, शेपूट राहिली, आणि ती आज काच चढते. रानात मोठ्या झालेल्या बहुतेक क्रेस्टेड गेकोंना शेपूट उरलेलीच नसते, हेही मला माहीत आहे. म्हणून माझ्या हाताने ती तुटावी, असं होत नाही.

पूर्वीची मी म्हणायची, काटा उतरला की फवारा मारायचा, बास. आज तिच्याशी वाद घालते. पेटी सतत ओली राहिली तर बुरशी धरते, कातडीला संसर्ग होतो. दोन फवाऱ्यांच्या मध्ये ती थोडी सुकायलाच हवी. कमी पोषण, ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव, जुनी जखम, यांनीही कात अडकते. गळलेल्या टोकापाशी आता दर वेळी थोडी राहतेच. पण जुनी मी उलटून विचारते, मे महिन्यात ओल देणार कशी? तर ओल्या शेवाळाचा, आत शिरता येईल असा एक डबा आता पेटीत कायम ठेवलाय, तिला हवं तेव्हा ती आत जाते.

असं जनावर इथे ठेवावंच का, हा प्रश्न तुमच्यापैकी फार थोड्यांनी विचारलाय, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लाईट गेली की इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. तेव्हा पेटी माजघरात शहाबादी फरशीवर ठेवते आणि दर थोड्या वेळाने थर्मामीटर बघते. मागच्या वेळी २९ दाखवत होता.