गोकाकचं लग्न हातचं गेलं तेव्हा

बेळगावच्या वडगावात माझं पार्लर आहे. मागांच्या खडखडाटात थ्रेडिंग करायची हाताला सवय झालीय. पाटीवर नियमाप्रमाणे 60 टक्के कन्नड आणि खाली मराठी. गिऱ्हाइकंही तशीच, दोन्हीकडची. तुळशीचं लग्न झालं की ब्रायडलचा सीझन सुरू होतो, आणि त्या काही महिन्यांवर माझं वर्ष निघतं.

मागच्या सीझनला गोकाकच्या एका कन्नड घरातल्या लग्नाचं काम मिळालं होतं. हळद, लग्न, रिसेप्शन, तिन्हीचा मेकअप. ट्रायल झाली, अ‍ॅडव्हान्स आला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवरीच्या आईचा फोन आला. दुसऱ्या बाईंना सांगितलंय, अ‍ॅडव्हान्स राहू दे तुमच्याकडे. का, ते काही सांगितलं नाही.

मी मात्र कारण तिथल्या तिथे ठरवून टाकलं. 1 नोव्हेंबरला मी व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी काळा ठेवते. 1956 साली त्या तारखेला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. माझे आजोबा दंडाला काळी फीत बांधून निषेध फेरीला जायचे. त्याच दिवशी शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूकही निघते. म्हटलं, डीपीच नडला. भाषेपायी पोटावर पाय आला, असं चार जणींना सांगूनही झालं.

मग जुनं आणखी काही नडू नये म्हणून रात्री पार्लर बंद करून फोन घेऊन बसायला लागले. पहिली पाळी फेसबुकची. कॉलेजातलं खातं, नावापुढे ‘क्वीन’ लावलेलं (हसू नका, तेव्हा सगळ्याच लावायच्या). एकेक पोस्ट पुसत दोन रात्री गेल्या. मग भाचीने दाखवलं की सेटिंगमध्ये एकच बटण दाबलं की जुन्या सगळ्या जाहीर पोस्ट फक्त मित्रयादीपुरत्या होतात. ते आधी कळलं असतं तर झोप तरी झाली असती.

इन्स्टाग्राम जास्त चिवट. प्रोफेशनल खातं प्रायव्हेट ठेवता येत नाही, म्हणून दोन खाती केली. एक कामाचं, सगळ्यांना उघडं. दुसरं घरचं, कुलूपबंद. घरच्या खात्याचं कॉन्टॅक्ट सिंक बंद केलं, नाहीतर गिऱ्हाइकांचे नंबर वापरून तेच खातं त्यांच्यापुढे नेऊन ठेवायचं. गोव्याच्या ट्रिपचे फोटो मी टाकले नव्हते, मैत्रिणींनी टॅग केले होते. आता टॅग आधी माझ्याकडे मंजुरीला येतो. ‘युअर अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये तर सगळ्या जुन्या कमेंट्स सापडल्या. बेळगावातल्याच एका मेकअपवालीच्या फोटोखाली ‘फाउंडेशन की चुना?’ असं मी लिहिलं होतं. मीच! कामासाठी दुसरं सिम घेतलं, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस.

सगळं झाल्यावर मोठं काम उरकल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात थ्रेडिंगला आलेल्या शेजारच्या अक्का म्हणाल्या, “काय गे, ती रीलपण काढलीस काय? गोकाकवाल्यांनी तीच बघितली म्हणे.”

कुठली रील? दिवाळीच्या गर्दीत गंमत म्हणून टाकलेली. एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीवरचे केस, चेहरा अर्धाच, वर हसणारे इमोजी आणि ‘आज ब्लेड मोडणार’. नवरीच्या मावशीने ती पाहिली, आईला पाठवली. आई अक्कांच्या जावेला म्हणाली होती, “नाळे नम्म हुडुगी बग्गेनू हिंग हाकतीरेन्री?” उद्या आमच्या मुलीबद्दलही असंच टाकाल काय? डीपीचं कुणी नावही काढलं नव्हतं. ज्या चौघींना सांगितलं होतं, त्यांना परत फोन करून खरं सांगणं मात्र जड गेलं. दोघींनाच केला.

रील काढली. पण पाठवलेला व्हिडिओ कुणाच्या फोनमधून काढणार? आता नवरीला विचारल्याशिवाय कॅमेरा हातात घेत नाही. मेकअपआधीचा चेहरा टाकतच नाही. लग्नाचे फोटो लग्न पार पडल्यावर, तेही तिने हो म्हटलं तरच. कॅप्शन दोन्ही भाषांत. कन्नड हेल्पर मुलगी लिहिते, मी वाचून घेते. घरच्या नंबरावर डीपी 1 नोव्हेंबरला काळाच असतो. तो मी काढलेला नाही.

अ‍ॅडव्हान्स परत पाठवला. त्या रीलमधल्या बाई खासबागेत राहतात. त्यांच्या घरी जाऊन आले. चहा दिला, कुंदा दिला, सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलल्या. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, “अगं, त्यात काय.” आठ वर्षं माझ्याकडे येत होत्या. आता शहापुरात जातात. बाजारात भेटल्या की पदर हनुवटीपर्यंत ओढून माझ्याशी बोलतात.